घरी जवळच्या मित्रांची बैठक, त्यात गांजाही असणार आहे. नीट कशी करावी?

जाईजुई:
नमस्कार मंडळी, आधीच सांगते की आम्ही राहतो तिथे मोठ्या माणसांना गांजा कायद्याने चालतो, परवाना असलेल्या दुकानातून पॅकवर सगळं छापलेलं असतं त्या स्वरूपात मिळतो, त्यामुळे तो प्रश्न नाहीये. नवऱ्याच्या वाढदिवसाला आठ-दहा जणांना घरी बोलवायचंय. काहीजण अधूनमधून घेतात, काहींनी कधीच घेतलेलं नाही पण उत्सुकता आहे, आणि दोघंजण अजिबात घेत नाहीत, त्यांना वासही सहन होत नाही. मला धुराने कोंदलेली खोली आणि सोफ्यावर सुन्न पडलेले लोक असलं काही नकोय. गप्पा, गाणी, चांगलं जेवण आणि ज्याला हवं त्याने जरासं घ्यावं, एवढंच. जॉइंट (गांजाची सिगरेट) ठेवू की गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी)? वाइन पण ठेवावी का? आणि न घेणाऱ्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून काय करता येईल?

मोकळं_आकाश:
सगळ्यात आधी निमंत्रणाच्या मेसेजमध्येच स्पष्ट लिही, की गांजा असणार आहे, कुठल्या स्वरूपात असणार आहे आणि घेणं न घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. दारात आल्यावर कळलं तर माणूस अडकतो, परत जाता येत नाही आणि बसवतही नाही. नोकरीत ड्रग टेस्ट असणारे लोक असतात, कोणी गरोदर असतं पण अजून सांगितलेलं नसतं, त्यांना कारण न देता नाही म्हणता आलं पाहिजे. आणि लहान मुलं घरात असतील तर त्या रात्री त्यांना दुसरीकडे पाठव, यात मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

जॉइंट की गमी म्हणशील तर ज्यांनी कधीच घेतलं नाहीये त्यांच्यासाठी मी तरी गमी ठेवणार नाही. ओढलं की काही मिनिटांत कळतं, एक झुरका घेऊन थांबता येतं आणि दोन-तीन तासांत बराचसा उतरतो. गमीचं तसं नाही. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढते आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहते. म्हणजे जेवणाआधी खाल्लेली गमी पाहुणे घरी जायला निघतात तेव्हा ऐन भरात असू शकते. जॉइंट ठेवलास तर एकच सगळ्यांत फिरवण्यापेक्षा छोटे छोटे वेगळे ठेव, सर्दी-खोकला वाटून घ्यायची गरज नाही.

रात्रपाळी:
वरच्यांचं बरंचसं पटतं पण धूर काही बिनधोक नसतो, दमा असलेल्याला एक झुरकाही महागात पडू शकतो. शिवाय झुरका किती मोठा आणि माल किती कडक याचा पहिल्यांदा घेणाऱ्याला अंदाज येत नाही, गमीवर निदान आकडा छापलेला असतो. मी इमर्जन्सी विभागात नर्स आहे, आमच्याकडे येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते: एक खाल्ली, तासभर काहीच झालं नाही, म्हणून अजून एक खाल्ली, आणि मग दोन्ही एकदम चढल्या. खाल्लेलं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) लिव्हरमधून जाताना त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते मेंदूवर जोरात काम करतं, म्हणून ओढायची सवय असलेले लोकही गमीने गांगरतात.

गमी ठेवायचीच असेल तर पॅकवर एका नगात किती मिलिग्रॅम टीएचसी आहे ते वाच. नवख्याला अडीच मिलिग्रॅम पुरे, म्हणजे पाच मिलिग्रॅमची असेल तर अर्धी, आणि त्या रात्री पुन्हा नाही. घरी केलेले ब्राउनी वगैरे कृपा करून नको. कितीही ढवळलं तरी एका तुकड्यात भरपूर आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. आणि टीएचसी असलेलं काहीही नेहमीच्या खाण्याच्या टेबलावर ठेवू नकोस, वेगळा ट्रे, वर ठळक चिठ्ठी. कोणाला न सांगता खायला घालणं ही गंमत नव्हे, तो त्या माणसावर केलेला हल्ला आहे आणि मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

वाइनबद्दल: दोन्हीपैकी एकच. दारू पोटात असताना गांजा घेतला की रक्तात टीएचसी जास्त चढतं, गरगरणं आणि उलट्या बहुतेक तिथूनच सुरू होतात. हृदयाचा त्रास असलेले, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस झालेला, रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेले, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, या सगळ्यांनी लांबच राहावं.

तिसरी_खुर्ची:
मी तुमच्या त्या दोघांपैकी आहे असं समजा, म्हणजे न घेणारी. अशा बैठकांना जाते कारण माणसं आवडतात. अवघडल्यासारखं कधी होतं सांगू? सगळे उठून गॅलरीत जातात आणि आपण एकटे आत सोफ्यावर उरतो, मग ते हसत परत येतात आणि कशावर हसले ते सांगता येत नाही. म्हणून ओढणाऱ्यांची जागा बाहेर ठेवा, पण यजमानांपैकी एकजण कायम आत असू द्या. आणि आमच्यासाठी फक्त पाणी नको, सरबत, चहा, काहीतरी मन लावून केलेलं ठेवा. आग्रह मात्र जेवणाचाच करा. "अगं एकच झुरका" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे मी पुन्हा जात नाही.

वासाचं म्हणाल तर उदबत्ती लावून तो जात नाही, दोन्ही वास एकत्र होऊन डोकं उठतं. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा आणि शेजाऱ्यांकडे धूर जात नाही ना बघा. घर भाड्याचं असेल तर करारनाम्यात धूम्रपानाचं काय लिहिलंय तेही वाचून घ्या.

कलम_वाचक:
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण हा धागा कुठूनही वाचला जाईल. कॅनडात २०१८ पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मोठ्यांना मुभा आहे, पण जर्मनीत दुकानात सर्रास विक्री नाही, म्हणजे "कायदेशीर" म्हटलं तरी अटी सगळीकडे वेगळ्या. भारतात १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा आणि चरस गुन्हाच आहे, आणि आपलं घर त्यासाठी जाणूनबुजून वापरू देणं हाही वेगळा गुन्हा आहे, स्वतः हात लावला नसला तरी. तिथे असली बैठक करू नका.

जाईजुई:
सगळ्यांचे मनापासून आभार. दारू काढून टाकली, सरबतं दोन प्रकारची करते. गॅलरीत छोटे जॉइंट, गमी फक्त आधी घेतलेल्यांसाठी आणि माझ्याकडे मागून. दोन गोष्टी राहिल्या, कोणाला जास्त झालं तर काय करायचं, आणि परत जायचं कसं? आमच्याकडे कुत्रा पण आहे.

रात्रपाळी:
जास्त झालं की माणूस पांढरा पडतो, घाम येतो, छातीत धडधडतं, आणि आता आपण मरणार अशी भीती बसते. शांत खोलीत ने, दिवे मंद कर, पाणी थोडं थोडं दे, आणि एकजण शेजारी बसून सारखं सांगत राहू दे की हे उतरणार आहे. सगळ्यांनी भोवती गोळा होऊ नका, मोबाइलवर शूटिंग तर अजिबात नाही. झोप आली तर कुशीवर झोपव. छातीत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, जागं करूनही उठत नसेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलव, आणि काय घेतलंय ते खरं सांग, आम्हाला उपचाराला तेच लागतं.

गाडी कोणी चालवायची नाही. "मी ठीक आहे" हे त्याला वाटतं, पण ब्रेकवर पाय जायला वेळ लागतोच. चाव्या येतानाच घे, टॅक्सी आधी ठरव, आणि गमी खाल्लेल्यांची झोपायची सोय घरातच कर.

मोकळं_आकाश:
कुत्र्याला त्या रात्री बंद खोलीत ठेव किंवा मित्राकडे सोड. कुत्र्यांना टीएचसीचा फार त्रास होतो, लडखडतात, लघवीवर ताबा राहत नाही, आणि चॉकलेटमधलं असेल तर चॉकलेटही त्यांना विषच. पाहुणे गेले की झोपायच्या आधीच ॲशट्रे रिकामा कर, थोटकं बाहेर झाकणाच्या डब्यात टाक, गमी मोजून कुलपात ठेव, आणि सोफ्याच्या गाद्या उचलून बघ, खाली पडलेली एखादी तिथेच सापडते.