मदत हवी आहे: नवी आय२० एन लाइन घेऊ की २०२१ची पोलो टीएसआय? (रोज हिंजवडी, महिन्यातून एकदा कुंभार्ली)

नमस्कार मंडळी,

गेला दीड महिना डोक्यात नुसता भुंगा फिरतोय. घरचे कंटाळले, ऑफिसातले मला पाहून चहाची जागा बदलतात, म्हणून इथे धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी परिस्थिती सांगतो. घर धायरीला, ऑफिस हिंजवडी फेज तीनला. आठवड्यातून चार दिवस जावंच लागतं. वडगाव पूल, वारजे, चांदणी चौक, सूस, भूमकर चौक असा बायपासने जातो. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी सातला निघालो तर पाऊण तास, नऊला निघालो तर देवालाच माहीत. चांदणी चौकातला नवा पूल २०२३मध्ये सुरू झाल्यापासून तिथला खोळंबा कमी झाला खरा, पण तेवढाच आता पुढे भूमकरला भेटतो.

गाव चिपळूण. महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. मुंबई-गोवा हायवेने न जाता मी मुद्दाम उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्लीने उतरतो. कोयनानगर सोडल्यानंतरचा तो पाऊण तास हाच माझा महिन्याचा पगार समजा. घाटात कुणाशी शर्यत लावायची नाही, आंधळ्या वळणावर ओव्हरटेक नाही. पण तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून वळणातून बाहेर पडताना गाडीने ओढ घ्यावी, एवढीच हौस. आत्ताची गाडी २०१४ची, १.२ लिटरची साधी पेट्रोल. चढावर ट्रक ओलांडायचा तर आधी एसी बंद करावा लागतो. एसी बंद झाला की मागून आई म्हणते, "आता ढकलायला उतरू का रे?"

तर उमेदवार दोन.

एक, ह्युंदाई आय२० एन लाइन, एन८ व्हेरिएंट, मॅन्युअल, नवी कोरी. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानंतर शोरूमने ऑन-रोड बारा लाखांच्या आसपास आकडा दिलाय.

दोन, फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, २०२१ची, ४८ हजार किलोमीटर, एकच मालक, कोथरूडची. मागतोय सात लाख नव्वद हजार. आपल्या चाकणला बनलेली. २०२२मध्ये पोलो बंद झाली, आता मिळेल ती जुनीच.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. दोन्हींना एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन्हींना सहा गिअर. पोलो ११० पीएस (ताकद) आणि १७५ एनएम (ओढ), एन लाइन १२० पीएस आणि १७२ एनएम. एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि सहा एअरबॅग आहेत, पोलोला दोन. हा मुद्दा बायकोने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

(या हॉट हॅच, म्हणजे छोट्या पण तगड्या इंजिनाच्या वेगवान गाड्या, नव्हेतच, असं सांगायला जे येणार आहेत त्यांना आधीच कोपरापासून नमस्कार. २६५ पीएसची गोल्फ जीटीआय मे २०२५मध्ये आपल्याकडे आली, ५३ लाख एक्स-शोरूम. तेवढ्यात धायरीला वन बीएचके येतो. आम्ही कोमट हॅचवर समाधानी आहोत.)

आता चालवून काय वाटलं ते. पोलो जुन्या कात्रज घाटात नेली होती. मालक पंचविशीतला मुलगा, शेजारी बसलेला. दार लावल्यावर जो दबका 'धप्प' आवाज येतो ना, तिथेच माझी निम्मी अक्कल गेली. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं, वर गेलं की एकदम जागं होतं. बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर दुसऱ्यात टाकली आणि पाय दिला. स्टिअरिंग जिथे धरलं तिथे गाडी, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. मुलाने वरचं हँडल धरलं आणि म्हणाला, "काका, जरा हळू." वय वर्षं ४१. काका. असो.

एन लाइन शोरूमवाल्याने सिंहगड रोडवरच फिरवली. क्लच लोण्यासारखा. इंजिन लवकर जागं होतं, एक्झॉस्टला किंचित खर्ज आहे, सस्पेन्शन साध्या आय२०पेक्षा कडक पण खड्ड्यात मणके मोजत नाही. फक्त स्टिअरिंग... कसं सांगू, सगळं बरोबर करतं, पण बोलत नाही. पोलोचं बोलतं.

आणि आई. तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एन लाइनपेक्षा सुमारे ११ सेंटीमीटरने कमी, आणि ते अकराच्या अकरा सेंटीमीटर आईच्या गुडघ्यांपुढूनच कापलेत. पुढची सीट माझ्या मापाने लावली की तिला तिरकं बसावं लागतं. एन लाइनमध्ये जागा ऐसपैस, पण आत सगळं काळंकुट्ट आणि मागच्या काचा लहान. आई बसली आणि म्हणाली, "माजघरात बसल्यासारखं वाटतंय." सनरूफ उघडल्यावर जरा निवळली.

प्रश्न असे:
जुनी पोलो घेतली तर पुढची पाच-सहा वर्षं पार्टचं काय होईल?
रोजच्या ट्रॅफिकमध्ये या दोन्हींचा मॅन्युअल झेपतो का? ऑटोमॅटिक सुचवू नका, गिअर मला हातानेच टाकायचा आहे.
एन लाइन घाटात खरोखर पळवलेलं कुणी आहे का?

*

प्रतिसाद १ (नाशिक)

टाटाची अल्ट्रोझ रेसर पाहिली नाहीत का? तीही १२० पीएस, १७० एनएम, सहा गिअर. मागे जागा भरपूर, दारं नव्वद अंशात उघडतात, आईंना बसा-उठायला फार सोपं. शोरूममध्ये शिल्लक असेल तर भावही चांगला पाडून मिळेल.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

पाहिली. आईला दारं आवडली, मला इंजिन आवडलं. पण बॉनेटवरचे ते दोन पांढरे पट्टे बघून बायको म्हणाली, शाळेच्या क्रीडादिनाला निघालायस का. घरात एकमत होणं हीही एक स्पेसिफिकेशन आहे.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

माझ्याकडे पोलो आहे, नऊ वर्षं. त्यामुळे निःपक्षपाती मत मागू नका.

पार्टचं म्हणाल तर इंजिनाची काळजी करू नका. १.० टीएसआय पुढे टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया सगळ्यांना आहे, ते पार्ट वाहते राहणार. वाट बघायला लागते ती बाहेरच्या गोष्टींची: हेडलॅम्प, बंपर, आतलं ट्रिम. धडक बसली तर चार दिवसांचं काम तीन आठवडे चालेल, ही तयारी ठेवा. जुन्या १.२च्या जीटीला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) होता, ट्रॅफिकमध्ये तापायचा. तुम्ही बघताय ती मॅन्युअल, त्यामुळे ती भानगड नाही.

घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा, ३२२१ असेल तर २०२१च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. ४८ हजारांच्या गाडीवर चारपैकी दोनच टायर नवे असतील तर का, ते विचारा. विम्याचे क्लेम तपासा. आणि मुख्य म्हणजे क्लच. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चढावर एकदम पाय द्या. आरपीएम उसळला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच संपलाय.

प्रतिसाद ४ (म्युनिक)

गंमत म्हणून सांगतो. इकडे खरी आय२० एन मिळायची, १.६ टर्बो, २०४ पीएस. तुमच्याकडची एन लाइन म्हणजे त्याच घराण्यातली चुलत सून, आडनाव तेवढं तेच. पण पावसाळ्यात कुंभार्लीला २०४ पीएस घेऊन करणार काय? १२० पुष्कळ झाले. मूळचा पाटणचा आहे, रस्ता पाठ आहे.

प्रतिसाद ५ (पुणे)

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर ई२०च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्या ते गृहीत धरून बनवल्यात, २०२१ची पोलो त्याआधीची. लगेच काही बिघडतं असं नाही, पण गाडी सहा वर्षं ठेवायची असेल तर मी नवी घेईन.

प्रतिसाद ६ (ठाणे)

तुम्ही दोन्ही गाड्या चुकीच्या जागी चालवल्यात. महिन्याला हिंजवडीच्या सोळा-सतरा फेऱ्या आणि कुंभार्लीची एक. मग पोलोची परीक्षा कात्रजला का घेताय? दोन्ही गाड्या आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी नऊला भूमकर चौकातून काढा. डाव्या पायाला विचारा. तोच खरं बोलेल.

प्रतिसाद ७ (धागाकर्ता)

ठाणेकर, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग पटला. तसंच केलं. अहवाल देतो.

एन लाइन मंगळवारी. शोरूमचा मुलगा कुरकुरत का होईना सकाळी नऊला आला. बायकोने सुट्टी टाकली होती, ती मागे बसून क्लच मोजत होती. वाकडच्या पुलापासून फेज तीनच्या गेटपर्यंत एकशे बारा वेळा. फेज एकच्या सिग्नलच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये नुसती क्लचवर सरकवत नेली तरी झटका नाही, बंद पडली नाही. उतरल्यावर पाय माझाच होता.

पोलो गुरुवारी. मालकाला फोन केला तर म्हणाला, "मी रोज तिकडेच जातो काका, तुम्ही चालवा, मी बसतो." म्हणजे त्याला त्या दिवशी फुकटात ड्रायव्हर मिळाला. बायपासला मोकळ्यात गाडी अशी काही पळते की वारज्यालाच सौदा करून टाकावासा वाटला. मग भूमकर आला. क्लच जड, आणि फार वर पकडतो. पहिल्यात सरकवायला जावं तर टर्बो झोपलेला, थोडा पाय द्यावा तर पुढच्याच्या बंपरवर. फेज दोनपर्यंत डावी पोटरी दगड झाली. मी म्हटलं, रोज कसं करतोस रे? तर म्हणाला, "म्हणून तर विकतोय. गुडघा गेला. आता ऑटोमॅटिक बघतोय." पंचविशीतला मुलगा आहे.

येताना कोल्हापूरकरांची चाचणी केली. चांदणी चौकाच्या अलीकडच्या चढावर तिसऱ्यात एकदम पाय दिला. आरपीएम तीन हजारांवर उडाला, वेग चाळीसलाच. क्लच संपलाय. जड लागण्याचं अर्धं कारण तेच असणार, म्हणजे नवा टाकला की हलका होईल. पण त्याने आईचे अकरा सेंटीमीटर काही परत येत नाहीत.

शनिवारी एन लाइन बुक केली. निळी, काळ्या टपाची. आईने आपण होऊन मागचं उजवं सीट निवडलं, तिथून म्हणे सनरूफमधून जास्त आकाश दिसतं. स्टिअरिंग बोलत नाही याचं दुःख आहेच, ते पहिल्या पावसात कुंभार्लीला किती उरतं ते बघू. सगळ्यांचे मनापासून आभार, कोल्हापूरकरांचे जरा जास्तच.

प्रतिसाद ८ (सांगली)

अभिनंदन! पोलो गेली का हो? माझ्या भाच्याला हवी आहे. तो घरूनच काम करतो, ट्रॅफिकचा संबंध नाही. मालकाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद ९ (धागाकर्ता)

केलाय. सात नव्वदवर अडून बसेल, क्लचचे पैसे तोडून घ्या. आणि भाच्याला सांगा, कात्रजला न्यायची ती अगदी शेवटी. आधी नेली की माणूस कामातून जातो.