फ्रीजरात बर्फ, खाली दूध नासतंय: गॅस की आणखी काही?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहतो. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, ८ वर्षं जुना. वर फ्रीजरात बर्फ व्यवस्थित होतो, पण खालच्या कप्प्यात पाणीसुद्धा गार होत नाही. दोनदा दूध नासलं. आपल्याकडचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश, त्यात हे!

मेकॅनिक आला, मागे हात लावला आणि म्हणाला, "गॅस संपलाय, भरावा लागेल." मला काही पटेना. गॅस गेला असता तर वर बर्फ कसा झाला असता?

मागच्या आठवड्यात फ्रिज पूर्ण दिवस बंद करून दार उघडं ठेवलं. खाली पाणीच पाणी. नंतर ४-५ दिवस झकास चालला, आता परत तेच. फ्रीजरच्या आतल्या मागच्या पत्र्यावर पांढरा थर धरलाय, आणि खाली हवा येते त्या भोकातून वाराच लागत नाही. दाराचं रबर कागद अडकवून पाहिलं, घट्ट आहे.

डिफ्रॉस्टचा, म्हणजे आत साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा हीटर गेला असेल का? की टायमर, सेन्सर? कुणाला असा अनुभव असेल तर खर्च किती आला तेही सांगा. घरचे तर नवीनच घ्या म्हणतायत.