सरकत्या कीबोर्डच्या फोनवर मराठी कशी लिहावी? मदत हवी आहे

नमस्कार. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन सरकत्या कीबोर्डसह आला, तेव्हापासूनची माझी हौस चार दिवसांपूर्वी म्हापशात तसा नवा फोन घेऊन फिटली. पडदा सरकवला की खटकन बसतो, कळा बोटांना नेमक्या जाणवतात आणि इंग्रजी मजकूर न पाहता लिहिता येतो, हे सुख फार मोठे आहे. मात्र कीबोर्ड बाहेर काढताच देवनागरी नाहीशी होते. संगणकावर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत शिफ्टसह 'एन' दाबून उमटणारा 'ळ' येथे मिळत नसल्याने 'साखळी', 'वाळपई' लिहिण्यासाठीही पडद्यावरच यावे लागते. सेटिंग्जमध्ये मराठी मांडणी मला सापडली नाही. कोणी अशा कळांवर इनस्क्रिप्ट बसवले असल्यास त्याची कृती कृपया सविस्तर सांगावी.