मामांची अमेरिकेहून आलेली पत्रं तिथल्या युनिव्हर्सिटीला द्यावीत का?

अंबाजोगाईची लेक
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. माझे मामा १९६९ ला शिकायला अमेरिकेत गेले अन् मिनेसोटातच राहिले, आता ते नाहीत. मामेभाऊ त्यांचे सगळे कागद तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला द्यायलाय, बाहेर देशातून येऊन राहिलेल्या लोकांची कागदपत्रं जपणारा वेगळा विभाग आहे तिथं. त्यात आजोबांनी अन् आईनं इकडून लिहिलेली पत्रं आहेत. मामांनी इकडं पाठवलेली निळी एअरोग्राम मात्र आईच्या ट्रंकेत आहेत, तो म्हणतोय ती पण पाठव, सगळं एकत्र राहील. आई म्हणते भावाचं अक्षर मी घराबाहेर जाऊ देणार नाही. त्याच ट्रंकेत आजोबांचे निजामाच्या काळातले उर्दू अन् मोडी कागद पण आहेत, थोडी कसर लागलीय. शिवाय पत्रांत मावशीच्या लग्नाचं कर्ज, भावकीतला शेताचा वाद असलं सगळं आहे, ते परक्यांनी वाचायचं का? अन् बीड जिल्ह्यातल्या एका घरच्या पत्रांत त्या लोकांना सापडणार तरी काय?

जुने कागद
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. १९७२-७३ मध्ये आजोबांनी मामांना काय लिहिलं ते मामेभावाला आजच विचारा. बहात्तरच्या दुष्काळाचे सरकारी आकडे मिळतात, पण कुणाच्या घरची बैलं कधी विकली, दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण गेलं, तिथं खायला मिळालेली सुकडी किती दिवस पुरली, अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी पोरं खायची की नाही, हे पत्रातच सापडतं. म्हणजे बघा, आपल्या दुष्काळाचा इतिहास मिनेसोटात पडलाय आणि तिथं नवीन गेलेल्या मराठी पोराचे पहिले हिवाळे तुमच्या ट्रंकेत आहेत. अर्धा संवाद इकडं, अर्धा तिकडं. म्हणून माझं स्पष्ट मत, मूळ कागद जिथं आहेत तिथं राहू द्या, पण दोन्हीकडच्या पत्रांचं स्कॅनिंग करून पूर्ण संच दोन्हीकडं ठेवा. तो विभाग १९६५ चा आहे, त्याच वर्षी अमेरिकेनं बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठीचा देशवार कोट्याचा जुना कायदा बदलला आणि पुढं आपल्याकडचे इतके लोक तिथं राहू शकले. मिसिसिपी नदीकाठच्या खडकात कोरलेल्या भुयारांत कागद ठेवतात ते लोक, थंडावा आणि ओलावा कायम सारखा. स्थलांतरितांनी लिहिलेली आणि त्यांना घरून आलेली, अशी दोन्ही बाजूंची पत्रं मूळ भाषेत अन् इंग्रजी भाषांतरासकट ऑनलाइन टाकायचं कामही त्यांनी केलंय. त्यामुळं मराठी पत्रं तशीच मराठीत द्यायला बिलकुल लाजू नका.

वकील परभणी
दोन गोष्टी. निजामकाळातले कागद कुरिअरनं बाहेर पाठवू नका, पाठवायचेच नाहीत! पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असला तर तो खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मामांच्या पत्रांना हे लागू नाही. दुसरं, मामेभावाला म्हणावं दानपत्रावर सही करायच्या आधी नीट वाच. कागद देणं वेगळं अन् कॉपीराइट देणं वेगळं, पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मागं वारसांचा, म्हणजे आईच्या पत्रांवर आईचाच. कर्जाची, वादाची पत्रं अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट घालता येते, पण ती लेखी पाहिजे.

सिल्लोडकर
आईचं म्हणणं मला पटतं. मूळ कागद न देता पण काम होतं, साऊथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह म्हणून संस्था आहे तिकडं, २००८ पासून, ते फक्त डिजिटल प्रत ठेवतात, कागद घरच्याकडंच राहतो.
पण मला एक विचारायचंय. आमचे वडील ८० च्या दशकात जेद्दाला ड्रायव्हर होते, लिहिता येत नव्हतं म्हणून कॅसेट भरून पाठवायचे, कुणी गावाकडं निघालं की त्याच्या हाती. आई पण इकडून भरून द्यायची, आम्ही पोरं त्यात पाढे म्हणायचो. हे कोण जपणार? इंजिनिअर-डॉक्टरांची पत्रं लायब्ररीत जातात, गवंडी, ड्रायव्हर लोकांचं काय?

जुने कागद
@सिल्लोडकर, तुमच्या कॅसेट तर पत्रांपेक्षा जास्त घाईच्या आहेत, कारण टेप खराब होते आणि वाजवायची मशीनं संपत चाललीत. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या अन् डब्ल्यूएव्ही फाइल करा. मग संभाजीनगरला आपल्या विद्यापीठात इतिहास विभागात किंवा लायब्ररीत लेखी अर्ज द्या, नांदेडला पण द्या. मराठवाड्यातून आखातात गेलेल्या माणसांचा संग्रह इथंच उभा राहायला पाहिजे, मला हे मनापासून वाटतं, कुणी पुढाकार घेत असेल तर मी यादी करायला बसतो.

ताई, कागदाचं. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, सेलोटेप अन् लॅमिनेशन अजिबात नको. आईनं ज्या क्रमानं ठेवलीत तो क्रम मोडू नका, पाकिटं फेकू नका, तारीख बऱ्याचदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असते. कसर लागलेले कागद आधी वेगळे करा. मोबाईलच्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर भागवू नका, रंगीत, ६०० डीपीआय, टिफ फाइल. अन् पत्रात "तात्या", "धाकटी" असं येतं ना, ते कोण हे आईला विचारून आत्ताच लिहून ठेवा, हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

अंबाजोगाईची लेक
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, स्कॅनिंगला हो म्हणाली पण तिच्यासमोर करायचं. कर्जाची पत्रं ती स्वतः बाजूला काढणार आहे. मामेभावानं १९७३ चं एक पत्र फोटो काढून पाठवलं, आजोबांनी लिहिलंय की विहिरीला पाणी नाही, तू पैसे पाठवू नकोस, शिकून घे. आता निजामकाळच्या कागदांचं बघते. अंबाजोगाई-परळीकडं घसटी, म्हणजे भरभर ओढून लिहिलेली उर्दू वाचणारं कुणी असेल तर मेसेज करा.