बोर्डावर 'स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड' लिहायचं का नुसतं 'प्रोहिबिटेड'?

जिनिंगवाला_धरणगाव:
राम राम मंडळी, कापसाच्या जिनिंगमध्ये बाहेरच्या पार्ट्यांसाठी इंग्रजी बोर्ड करायचाय, मी 'स्मोकिंग इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड' लिहून दिलं तर भाचा म्हणतो मामा प्रोहिबिटेड म्हणजे बंदच ना, त्यात कडक बंद अन् सैल बंद असं काय असतं. पेंटर उद्या येतोय, काय करू?

तापीकाठ:
भाच्याचा तर्क बरोबर, पण इंग्रजीत ही जोडी पक्की रुळलेली आहे, चूक कोणी म्हणणार नाही. स्ट्रिक्टली म्हणजे कोणालाच सूट नाही, मालकालासुद्धा 😀 तरी कायद्याची भाषा बघा, संविधानाच्या इंग्रजी मजकुरात कलम १७ मध्ये अस्पृश्यता पाळणं नुसतं 'फॉरबिडन', कलम २३ मध्ये वेठबिगार नुसती 'प्रोहिबिटेड'. एवढ्या मोठ्या गोष्टीला जोराचा एक शब्द लागला नाही.

बाई_भुसावळ:
'एक्सप्रेसली फॉरबिडन' मात्र वेगळं बरं का, म्हणजे स्पष्ट शब्दांत लिहून केलेली मनाई, करारात कामाला येतं. 'स्ट्रिक्टली नॉट अलाउड' आपल्याकडे जिथेतिथे दिसतं पण मला तरी खटकतं. अन् भिंतीवर चार बोर्ड असले आणि तिघांवरच स्ट्रिक्टली असलं, की चौथ्याचं लोक समजतात थोडंफार चालतंय.

जिनिंगवाला_धरणगाव:
मग 'नो स्मोकिंग' ठोकतो मोठ्या अक्षरात. रुईच्या ढिगाजवळ बिडी काढणारे इंग्रजी वाचतात कुठे भो, त्यांच्यासाठी मराठीत 'सक्त मनाई' आहेच.