मदत हवी आहे: शोग्रेन आजारात उपजत प्रतिकारशक्तीचं नेमकं काम काय?

माझ्या मोठ्या बहिणीला गेल्या महिन्यात शोग्रेन आजाराचं निदान झालं. दोन-अडीच वर्षं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरायचा नाही, रात्री जीभ टाळूला चिकटायची. जो तो म्हणायचा, वयामुळे होतं. शेवटी रक्तात अँटी-रो प्रतिपिंडं, म्हणजे आपल्याच 'रो' प्रथिनाला चिकटणारी, सापडली. अश्रू मोजणाऱ्या शर्मर चाचणीत 5 मिनिटांत पापणीत ठेवलेला कागद जेमतेम 3 मिलिमीटर भिजला. ओठाच्या आतून काढलेल्या तुकड्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे पुंजके दिसले, फोकस स्कोअर (अशा पुंजक्यांचं प्रमाण) 2.

निदानाबद्दल शंका नाही. डॉक्टरांनी सांगितलं की लिम्फोसाइट पेशी अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतात. पण वाचायला बसले की सगळीकडे टोल-लाइक रिसेप्टर (जंतूंच्या खुणा ओळखणारी प्रथिनं) आणि इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध पेशींनी सोडलेले इशारे) भेटतात. माझ्या समजुतीप्रमाणे ही उपजत प्रतिकारशक्ती, म्हणजे जंतू आल्यावर काही तासांत जागी होणारी पहिली फळी. इथे तर जंतू सापडलेलाच नाही, मग ती जागी का राहते? प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी कमी करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने कोरडेपणा का हटत नाही? आणि ताईला दिलेलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर मलेरियाचं औषध ना? ताई मला विचारते आणि मला धड उत्तर देता येत नाही. कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद 1:
मी हा विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक समजूत बदला. ग्रंथीतल्या नलिकांचं अस्तर नुसता मार खात नाही, ते स्वतः भांडणात उतरलेलं असतं. त्या पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर असतात, आणि त्या लिम्फोसाइटना बोलावणारी रसायनं सोडतात. रुग्णांच्या ग्रंथीतून काढून प्रयोगशाळेत वाढवल्या तरी त्या चेतलेल्याच राहतात. म्हणूनच 1994 मध्ये मूत्सोपूलोस या संशोधकांनी या आजाराला 'ऑटोइम्यून एपिथेलायटिस', म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा अस्तराचा दाह, म्हटलं. मला हे नाव फार नेमकं वाटतं.

आता जंतूशिवाय जाग कशी राहते? रो हे प्रथिन आपल्याच पेशीतल्या छोट्या आरएनएला धरून असतं. पेशी मेली की दोन्ही बाहेर पडतात, त्यांना अँटी-रो प्रतिपिंड चिकटतं, आणि हा गठ्ठा प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी, म्हणजे उपजत फळीतली इंटरफेरॉन बनवणारी पेशी, गिळते. तिच्या आतल्या कप्प्यात टीएलआर7 हा टोल-लाइक रिसेप्टर आहे. आरएनए विषाणूचा की घरचा, हा भेद त्याला तिथे करता येत नाही. तो टाइप-1 इंटरफेरॉन सोडायला लावतो. इंटरफेरॉनमुळे अस्तराच्या पेशी बीएएफएफ हे बी पेशींना जगवणारं प्रथिन बनवतात, त्यावर बी पेशी तगतात, पुन्हा प्रतिपिंडं. चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहतं. आयआरएफ5 आणि स्टॅट4 या जनुकांचे काही प्रकार या आजारात जास्त आढळतात. दोन्ही इंटरफेरॉनच्या वाटेवरचीच.

रिटुक्सिमॅब या चक्रातली एकच कडी काढतं. अस्तर चेतलेलंच राहतं आणि सुकलेली ग्रंथी परत उगवत नाही. माझ्या मते कोरडेपणा न हटण्याचं मोठं कारण हेच. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्या आतल्या कप्प्याची आम्लता घटवतं, त्यामुळे टीएलआर7 मंदावतो. कागदावर हे चपखल बसतं, पण 2014 च्या फ्रेंच चाचणीत 120 रुग्णांना 24 आठवडे देऊनही कोरडेपणा, वेदना, थकवा यांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) फरक दिसला नाही. सांधे आणि त्वचेसाठी डॉक्टर ते देतात, तेव्हा स्वतःहून बंद करू नका. या औषधासाठी नेत्रपटलाची (रेटिना) तपासणी मात्र सुरुवातीलाच करून घ्या. लाळेसाठी पायलोकार्पिन या औषधाबद्दल विचारा, ते उरलेल्या ग्रंथीला कामाला लावतं. दमा किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार, ताईला आत्ताच वाचून दाखवलं. अस्तराचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नव्हते." एक विचारायचं राहिलं. तिच्या डाव्या कानाखाली दोन महिन्यांपासून सूज आहे, दुखत नाही. रिपोर्टात सी4 (रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) कमी असंही लिहिलंय. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, तोवर थांबलं तर चालेल का?

प्रतिसाद 1:
थांबू नका. या आजारात बी पेशी सतत चेतलेल्या राहिल्याने लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगाचा, धोका वाढतो. न उतरणारी पॅरोटिड (कानाजवळच्या लाळग्रंथीची) सूज आणि कमी सी4 या दोन्ही त्याच्या सावधखुणा मानतात. बहुतेकांना लिम्फोमा होत नाही, पण हे तपासायलाच हवं. उद्या फोन करून या दोन गोष्टी याच शब्दांत सांगा आणि लवकरची वेळ मागा.