घरात एकच एसी असावा, दुसरा घेऊच नये (विरोध चालेल, पण आधी पूर्ण वाचा)

घामाघूम:
मे लागला की आमच्या टू बीएचकेचा वन आरके होतो. एसी एकच, दीड टनाचा, आमच्या बेडरूममध्ये. एरवी आई हॉलमध्ये, पोरगी तिच्या खोलीत दार लावून, मी लॅपटॉपला चिकटलेला, बायको ऑफिसातून आली की किचनमध्ये, म्हणजे चार माणसं चार दिशांना आणि पाचवा धाकटा, तो खाली पार्किंगमध्ये. पण साडेसातला मॅच सुरू झाली की एकेक जण ताट घेऊन आत येतो, मग उशी घेऊन, आणि मग कोणी बाहेर जातच नाही. आई दिवाणावर, बेडवर मायलेकी, खाली गादी टाकून मी आणि धाकटा. दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबायची ड्यूटी धाकट्याची, कुणी पाणी प्यायला उठलं की तो झोपेतून ओरडतो, चादर, चादर!

गेल्या वर्षी टीव्हीपण आतच घेतला, भिंतीला ब्रॅकेट मारून. मॅच नसेल तर झब्बू नाहीतर बदाम सात. पोरगी पंधरा वर्षांची आहे, वर्षभर आमच्याशी 'हं' आणि 'माहिताय' एवढंच बोलते, ती मे महिन्यात पत्ते पिसताना शाळेतलं सगळं सांगते. परवा आईने तिला लॅडीस शिकवलं. गावाला जाणं होत नाही, रिझर्वेशन मिळत नाही, सुट्टी मिळत नाही, मग हीच आमची सुट्टी.

आता बायकोचं म्हणणं, मुलांच्या खोलीत दुसरा एसी घेऊ, सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, परवडतो. माझं म्हणणं, परवडायचा प्रश्नच नाही, तो आला की घर परत फुटणार. तुमचं काय मत?

मुलुंडची_सून:
माझं मत, तुम्हाला घोरणं येत असणार आणि तुम्हाला ते माहीत नसणार.
गंमत सोडा. आईंना विचारलंत का? वय तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तरीच्या आसपास धरते. रात्री दोनदा उठायचं, अंधारात दोन माणसं ओलांडून दारापर्यंत जायचं, चादर सरकवायची, वर नातू ओरडणार. त्या बिचाऱ्या संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसतील. आमच्याकडे सासूबाई असंच करायच्या आणि ऐन मे महिन्यात युरीन इन्फेक्शन झालं, तेव्हा कुठे कळलं.
आणि पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री स्वतःची खोली नको? ती बोलते कारण जायला दुसरीकडे जागा नाही. ह्याला एकत्र कुटुंब म्हणत नाहीत, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कोंबतात ना, ती चौथी सीट म्हणतात.

कैरी:
चौथी सीट 😂😂 कल्याण फास्टमध्ये वाचतेय, अगदी चौथ्याच सीटवर बसून.

वऱ्हाडी_ठेचा:
काय एसी एसी करून राहिले राजेहो. आमच्या नागपूरले २३ मे २०१३ ला ४७.९ होतं, तेव्हाबी घरात एकच कूलर होता अन् नऊ माणसं. आन २०२४ च्या मे मध्ये तर एका ठिकाणी ५६ डिग्री दाखवलं, सगळ्या देशात बातमी, मंग हवामान खात्यानं सांगितलं का सेन्सरच बिघडला होता. आम्ही म्हटलं बरं झालं सांगितलं, आम्हाले तर खरंच वाटलं होतं.
कूलरची मजा एसीले नाही. एप्रिलमध्ये माळ्यावरून काढा, गंज खरवडा, वूडवूल बदला, पहिल्या दिवशी पाणी सोडलं का तो ओल्या गवताचा वास येते, तिथून आमचा उन्हाळा सुरू. कूलरच्या अगदी समोरची जागा पाहुण्याची, घरचे बाजूले. फक्त पाणी भरताना आधी स्विच बंद करून प्लग काढत जा, दरवर्षी आमच्याकडे कोणी ना कोणी शॉक लागून जातेच.
बाकी धागेवाल्या भाऊले माझा सपोर्ट. एकाच खोलीत झोपा.

मुलुंडची_सून:
भाऊ, तुमची हवा कोरडी म्हणून कूलर चालतो. पाणी सुकताना हवा गार होते, आमच्या इथे हवेतच इतकं पाणी आहे की ते सुकणार कुठे? आम्ही एकदा आणला होता कूलर, तीन दिवसांत कपाटातल्या चपलांना बुरशी. ३४ डिग्रीला तुम्ही हसाल, पण अंगावरचा घाम वाळतच नाही हो.

वऱ्हाडी_ठेचा:
३४ ले आमच्याकडे स्वेटर काढते 😄 पण बरोबर हाय ताई, मामाकडे दादरले एक मे काढला होता, पुन्हा गेलो नाही.

हिशेबी:
भावना बाजूला ठेवून आकडे बघू. दीड टनाचा थ्री स्टार पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण दीड युनिट, इन्व्हर्टर असेल तर खोली गार झाल्यावर कमी. रात्रीचे आठ तास धरले तर ८ ते १० युनिट, महिन्याला अडीचशे तीनशे. घरचा बाकी वापर दीडशे. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत. एका एसीत तुम्ही पाचशेच्या आत राहता, दुसऱ्यात सहज बाहेर. लोकांचा एक गैरसमज असतो की पाचशे ओलांडले की अख्खं बिल वरच्या दराने येतं, तसं नाही, फक्त वरचे युनिट त्या दराने लागतात. तरीपण चटका बसतोच.
म्हणजे निष्कर्षाला माझा पाठिंबा, कारणाला नाही. प्रेमबिम ठीक आहे, पण २४ वर ठेवा. जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू होतात ते उगीच नाही. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे हे स्टार देणारी सरकारी संस्था, सांगते.

घामाघूम:
२४ वर आमच्याकडे युद्ध आहे. बायको १९ करते, आई 'पाय दुखतात रे' म्हणून २७ करते, मी मधे. शेवटी रिमोट धाकट्याच्या उशीखाली.
@मुलुंडची_सून, आई ७३ ची आहे. पाण्याचं लक्षात नव्हतं आलं. विचारतो.

तिसरा_मजला:
एका मुद्द्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. तुमच्या खोलीतली गरमी नाहीशी होत नाही, ती बाहेर फेकली जाते. कुठे? आमच्या गॅलरीत! आमच्या वरच्यांनी तिसरा एसी लावला, त्याचं आउटडोअर युनिट आमच्या तुळशीच्या डोक्यावर साडेतीन फुटांवर. तुळस गेली, मोगरा गेला, आता कुर्डया वाळत घालते तिथे, एका रात्रीत कडक होतात. वर पाण्याचा पाइप आमच्या छज्जावर टपटप टपटप रात्रभर. सोसायटीत तक्रार केली तर सेक्रेटरी म्हणाले, तुम्हीपण लावून घ्या. हा काय न्याय झाला? दुसरा एसी घेणाऱ्यांनो, आधी खालच्या माणसाच्या गॅलरीत एक रात्र काढून बघा.

कैरी:
कुर्डयांचा आयडिया भारी आहे पण, बिझनेस करा ताई.

वाळवंटातून:
शारजात राहतो, मूळ सांगलीचा. इथे प्रत्येक खोलीत एसी, एसीशिवाय घर ही कल्पनाच नाही. जून ते सप्टेंबर मुलं खाली खेळायला जात नाहीत, शाळा जुलै ऑगस्ट बंद, आमची सुट्टी म्हणजे मॉल. तरी आमच्या घरी सगळे एकत्रच असतात, कारण जेवायच्या टेबलावर फोन नाही हा नियम बायकोने केलाय आणि तो मला पण लागू आहे. मुद्दा हा की एसीमुळे घर जोडतपण नाही आणि तुटतपण नाही. पंधरा वर्षांच्या मुलीशी बोलायला तुम्हाला कॉम्प्रेसर लागतो हे जरा बघा.

घामाघूम:
हे लागलं. पण खोटं नाही.

जुना_गडी:
माझं वय ६८. आमच्या वेळी घरात पंखा एकच, तोही आजोबांच्या खोलीत, आणि आम्ही सगळे गच्चीवर. संध्याकाळी बादल्या ओतून गच्ची गार करायची, तरी दहापर्यंत पाठीला चटका लागायचा, कारण स्लॅब दिवसभर तापलेला. आता इथे बरेच जण लिहितील की काय ते दिवस. काही नाही हो. डास असायचे. सकाळी साडेसहाला ऊन नाकावर यायचं. मधेच वळवाचा पाऊस आला की गाद्या उचलून पळापळ आणि शेवटची गादी नेहमी माझ्या वाट्याची. खरी चैन म्हणजे वर्षात एकदा मोठे काका मुंबईला घेऊन जायचे आणि मेट्रो नाहीतर इरॉस थिएटरला मॅटिनी दाखवायचे. पिक्चर इंग्रजी, एक शब्द कळायचा नाही, पण अडीच तास गारेगार. बाहेर आल्यावर ऊन असं थोबाडीत बसायचं.
तेव्हा घ्या दुसरा एसी, सगळ्यांना झोपू द्या. आठवणी काय, कशाच्याही होतात.

वऱ्हाडी_ठेचा:
काका एक नंबर. तरी गच्चीवरची झोप गच्चीवरची झोप.

मुलुंडची_सून:
घामाघूम, विचारलंत का आईंना?

घामाघूम:
विचारलं. दोन दिवस लिहावं की नाही ठरत नव्हतं.
पाण्याचं तुमचं अर्धं बरोबर निघालं, ती आठनंतर कमीच पिते, आता तिच्या उशाशी तांब्या आणि दाराजवळ छोटा दिवा लावलाय, धाकट्याची ओरडायची ड्यूटी रद्द. पण एसीबद्दल विचारलं तर म्हणाली, मला तुमच्या एसीचं काही नाही, पहिला नको की दुसरा नको, मला पंखा पुरतो, मी येते ते तुम्ही सगळे आत जाता आणि टीव्हीपण आतच आहे म्हणून. आधी तो टीव्ही हॉलमध्ये परत आण. साडेसातची माझी सिरीयल मार्चपासून तुमच्या मॅचखाली गेलीये, नायिकेचं लग्न झालं का मोडलं मला माहीत नाही.
पोरगी बाजूलाच होती, ती म्हणाली, आजी, मोडलं. मी मोबाइलवर बघते रोज. मग दोघी हॉलमध्ये पंख्याखाली बसून मागचे एपिसोड बघत बसल्या, रात्री साडेअकरापर्यंत. एसीत मी, बायको आणि धाकटा.

कैरी:
म्हणजे टीम फुटलीच शेवटी, दुसरा एसी न घेता 😂

हिशेबी:
आणि बिल तेवढंच, वर पंख्याचं वेगळं.

तिसरा_मजला:
मग टीव्ही हलवला का?

घामाघूम:
हलवला. बेडरूमच्या भिंतीला चार भोकं पडलीयेत ब्रॅकेटची, बायको म्हणतेय तिथे आता एसीच लाव. कोथरूड साइडला पुट्टी मारणारा कोणी माहितीतला असेल तर सांगा, एवढ्याशा कामाला कोणी यायला तयार नाही.